कुत्र्याकडे न बघणाऱ्या बाई

मी बेळगावात श्वानप्रशिक्षणाचे काम करतो. गेल्या हिवाळ्यात आमच्या गटाने टिळकवाडीत भरवलेल्या अ‍ॅजिलिटी स्पर्धेसाठी स्वयंसेवक उभे करण्याची जबाबदारी माझ्याकडे होती. उड्या, बोगदा, सी-सॉ, वीव्ह पोल (ओळीने उभे केलेले खांब, त्यांतून नागमोडी जायचे) असे अडथळे कुत्र्याने हँडलरच्या, म्हणजे त्याला पळवणाऱ्या माणसाच्या इशाऱ्यावर, ठरलेल्या क्रमाने आणि कमीत कमी वेळात पार करायचे, असा हा खेळ १९७८ साली इंग्लंडमधल्या क्रफ्ट्स प्रदर्शनात घोड्यांच्या उड्यांच्या स्पर्धेच्या धर्तीवर प्रथम दाखवला गेला. आमच्या भागात मुधोळ हाउंडच्या शर्यती लोकांच्या परिचयाच्या आहेत. पण सरळ धावेच्या शर्यतीला लागतात त्याहून कितीतरी जास्त माणसे अ‍ॅजिलिटीच्या एका रिंगला लागतात. घड्याळ लावणारा, जजचे निर्णय लिहिणारा, उड्यांचे पडलेले आडवे बार उचलणारे, पुढच्या जोडीला हाक देणारा, सुटलेला पट्टा शेवटच्या अडथळ्याजवळ पोचवणारा, शिवाय लहान-मोठ्या कुत्र्यांच्या गटांप्रमाणे बारची उंची बदलणारे, एवढे हात नसतील तर जज कितीही जाणकार असला तरी रिंग चालत नाही.

साहजिकच सगळे आधी श्वानमालकांनाच विचारतात. पण त्यांना स्वतःचे कुत्रे पळवायचे असते, धावेआधी कोर्स पायी फिरून पाठ करायचा असतो. बाकीच्यांना ‘मदतीला या’ म्हटले, की ‘येतो की ओ’ असे मनापासून उत्तर मिळते, आणि त्या दिवशी नेमके कोणाच्या तरी घरचे लग्न निघते. त्यातून आदल्या संध्याकाळी, ज्या विद्यार्थ्यांवर भिस्त होती त्यांची परीक्षा आल्याचा निरोप मिळाला. तेव्हा मी जवळच्या मैदानावर खो-खोचा सराव चालला होता तिथे गेलो. बार उचलणाऱ्याने कुत्रे धावत असताना हलायचे नसते, आणि बार पडला तर ते अंतरावर गेल्यावरच चटकन उठायचे असते. खो मिळेपर्यंत पाटीवर बसून राहणाऱ्या पोरांना हे वेगळे शिकवावे लागत नाही. त्यांच्या सरांना मी नेमके काम, वेळ आणि दुपारच्या जेवणाची सोय सांगितली, आणि सकाळी सगळी पोरे दव वाळण्याआधी हजर होती.

लेखनिकाची जागा मात्र रिकामीच होती. एका खेळाडूची आजी, निवृत्त मुख्याध्यापिका, नातवाला सोडायला आल्या होत्या. त्यांना विचारले, तर त्या दोन पावले मागे सरल्या. ‘मला कुत्र्याची भीती वाटते ओ, मी काय करणार?’ मी म्हणालो, ‘बाई, तुम्ही कुत्र्याकडे बघायचंच नाही.’ हे मी त्यांची समजूत घालायला म्हटले नव्हते. जज धावेवरून नजर काढत नाही. चूक झाली की उघडा पंजा वर करतो, कुत्र्याने अडथळा नाकारला की मूठ, आणि लेखनिकाने फक्त त्या हाताकडे बघून खुणा करायच्या असतात. बाईंना टेबल रिंगच्या दोरीबाहेर, सावलीत दिले.

दुपारी निपाणीकडच्या एका हँडलरने टेबलाशी येऊन वाद घातला. ए-फ्रेम म्हणजे दोन उतरत्या फळ्यांचा चढ-उताराचा अडथळा; उतरताना तळाच्या रंगवलेल्या भागाला कुत्र्याचा पाय लागावाच लागतो. त्याचा कुत्रा तिथे पाय लावून गेला, असे त्याच्या बाजूचे सगळे म्हणत होते. कागदावर मात्र पाच दोषगुण होते. बाईंनी कागद त्याच्यासमोर फिरवला. ‘साहेबांनी पंजा वर केला, तो मी लिहिला. तुमचं कुत्रं मी बघितलेलंच नाही,’ त्या शांतपणे म्हणाल्या. तो तरुण क्षणभर थांबला, ‘बरं बाई’ म्हणाला आणि वळला. प्रत्येक धाव डोळे भरून पाहणारा एखादा श्वानप्रेमी त्या खुर्चीवर असता, तर हे उत्तर देऊ शकला नसता, असे मला वाटते. खेळावर जीव असलेला माणूस त्या जागी बसला, की त्याचेही एक मत तयार होते, आणि त्या कागदावर जजच्या मताशिवाय दुसरे मत नको असते.

स्पर्धा संपल्यावर एका मालकिणीने आपला शांत लॅब्राडोर बाईंना भेटवायला आणला. त्यांनी हात जोडून लांबूनच नको म्हटले. पुढच्या स्पर्धेची तारीख मात्र लिहून घेतली, आणि त्यांच्या भिशीतल्या दोघी घड्याळ लावायला येतील का, हे विचारून सांगते म्हणाल्या. आता कोणाला विचारायला जाताना मी प्रत्येक कामाची वेगळी चिठ्ठी नेतो. कुठे बसायचे, काय बघायचे, किती वाजता मोकळे व्हायचे एवढेच त्यावर लिहिलेले असते. कुत्र्यांची आवड आहे का, हे मी विचारत नाही.