चिचुंद्रीच्या कानात

एमएस्सीच्या प्रबंधासाठी स्क्रब टायफस, म्हणजे गवतातले चिगर नावाचे बारीक जीव चावून होणारा ताप, घेतला तेव्हा आईने एवढंच विचारलं, "म्हणजे तू उंदीर पकडणार?" हो. आणि चिचुंद्र्याही.

पहिला पिंजरा लावेपर्यंत चार महिने गेले. प्राणी नैतिकता समितीने अर्ज दोनदा परत पाठवला: किती प्राणी, तेवढेच का, मारायची गरज आहे का? तेव्हा चडफडले होते. शेवटी ठरलं की थोडं रक्त घ्यायचं, अंगावरचे चिगर गोळा करायचे आणि प्राणी पकडला तिथेच सोडायचा. या निर्णयाची किंमत पुढे मोजावी लागली.

जागा होती मुंबईत गोरेगावला, आरेच्या जंगलाच्या कडेला. पावसाळा सरत आला होता, गवत कमरेला लागत होतं. पँट मोज्यात खोचायची, मोज्यांवर कीटकरोधक चोपडायचं, गवतात बूड टेकायचं नाही. पिंजऱ्यात दाण्याचं कूट आणि ओट्सच्या गोळ्या ठेवल्या. तीन रात्री उंदीर आले, मुंग्या तर असंख्य आल्या, पण चिचुंद्री एकही नाही. पाड्यावरच्या एका मावशींना हसू आवरेना. "दाणे उंदराला. तिला सुकट लाव." बरोबरच होतं. चिचुंद्री दिसते उंदरासारखी, पण ती कृंतक, म्हणजे उंदरांच्या गटातली, नाहीच, किडे खाणारी आहे. सुकट लावली आणि दुसऱ्याच पहाटे पिंजरा भरला. त्या वासाबद्दल काय सांगू! रिक्षावाल्याने दोनदा मागे वळून माझ्याकडेच संशयाने पाहिलं.

खरी मजा सूक्ष्मदर्शकाखाली. कानाच्या पाळीच्या आत केशरी रवा सांडल्यासारखे पुंजके दिसतात, ते चिगर. म्हणजे माइटच्या (गोचिडीच्या नात्यातला बारीक जीव) सहा पायांच्या अळ्या, जेमतेम ०.२ मिलिमीटरच्या. चावते ती फक्त अळीच. पोट भरलं की ती गळून मातीत जाते आणि मोठी झाल्यावर किड्यांची अंडी वगैरे खाऊन जगते. त्यामुळे प्राणी जाळीच्या पिंजऱ्यात ठेवून खाली पाण्याचा ट्रे ठेवायचा. दोन-तीन दिवसांत अळ्या आपोआप पाण्यात पडतात, त्या ब्रशच्या टोकाने उचलायच्या. रात्री एकला हे करताना मान अशी काही आखडते की विचारू नका.

समोरच्या सोसायटीतले काका रोज विचारायचे, "लेप्टोचं काम का?" लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिसचे) जंतू उंदराच्या मुतातून पाण्यात येतात. स्क्रब टायफसचा जंतू, ओरिएन्शिया सुत्सुगामुशी, मादी माइटकडून थेट तिच्या अंड्यांत उतरतो. म्हणजे त्याचं बिऱ्हाड माइटमध्येच असतं. उंदीर-चिचुंद्री अळ्यांना जेवण देतात आणि गावभर फिरवतात. काकांना वाटायचं, सगळे उंदीर मारले की विषय संपला. मी म्हटलं, काका, गवतातल्या उपाशी अळ्यांचं काय? आधी गवत कापून घ्या.

ऑक्टोबरात मला ताप आला. मलेरिया, डेंग्यू निगेटिव्ह. मी रोज गवतात जाते हे मी डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. मार्गदर्शक बाईंनी फोनवर आधी झापलं आणि मग अंग तपासायला लावलं: काख, जांघ, कंबरपट्ट्याची रेघ. स्क्रब टायफसमध्ये चिगर चावला तिथे सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली येते. ती दुखत नाही, म्हणून लक्षात येत नाही, आणि प्रत्येकाला येतेच असंही नाही. मला नव्हती. पुन्हा डॉक्टरांकडे गेले, स्क्रब टायफसची आयजीएम (रक्तातल्या प्रतिपिंडांची) तपासणीही निगेटिव्ह आली, ताप चार दिवसांत उतरला. स्क्रब टायफस असता तर साध्या डॉक्सिसायक्लिनने बरा होतो. उशीर झाला तर मात्र फुप्फुसं, मूत्रपिंडं, मेंदू, काहीही धरतो.

प्राण्यांच्या रक्ताचं पीसीआर, म्हणजे जंतूचा डीएनए शोधायची चाचणी, डिसेंबरात झालं. या जंतूच्या ५६ किलोडाल्टन प्रथिनाचा जनुक शोधत होतो. जेलवर पट्टी उमटली ती फक्त पॉझिटिव्ह कंट्रोलची, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या जंतूच्या डीएनएची; एकाही प्राण्याची नाही. मी तासभर गप्प बसले. रक्तात हा जंतू थोडेच दिवस सापडतो, प्लीहेसारख्या अवयवात सापडण्याची शक्यता जास्त, आणि अवयव तर आम्ही घेतलेच नव्हते. तरी पुन्हा विचारलं तर मी तोच अर्ज भरेन.

चिगरचा निर्देशांक, म्हणजे प्रत्येक प्राण्यामागे सरासरी किती चिगर, तोही काढला. ०.६९ च्या वर गेला तर धोका मानतात. माझा आकडा मूठभर प्राण्यांवरचा, तो इथे मिरवण्यात अर्थ नाही. चिगर अल्कोहोलच्या कुप्यांत घालून फ्रीजरात ठेवलेत. त्यांचा डीएनए काढायचं किट अजून आलेलं नाही.