लोखंड न घालता ८८ टक्के

त्या ट्यूबमध्ये लोखंड घातलंच नव्हतं. पिन्सर लिगंड (धातूला चिमट्यासारखा धरणारा रेणू), अल्कली म्हणून पोटॅशियम फॉस्फेट, फिनाइल बोरॉनिक आम्ल आणि ४-ब्रोमोअ‍ॅसिटोफेनोन हे हॅलाइड, एवढंच; डायऑक्झेन-पाणी ४:१, ९० अंश, रात्रभर. सकाळी जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफी) उतारा ८८ टक्के. लोखंडासकट तोच आकडा ९४ येत होता, आणि त्या ९४ वर आमचं चार महिन्यांचं काम उभं होतं.

सुझुकी जोडणीत, म्हणजे बोरॉनिक आम्ल आणि हॅलाइड यांच्यात कार्बन-कार्बन बंध घडवणाऱ्या अभिक्रियेत, उत्प्रेरक म्हणून पॅलेडियमच्या जागी लोखंड आणायचं, हा आमचा प्रकल्प. पॅलेडियम महाग आहेच, शिवाय तोंडावाटे घ्यायच्या औषधात ते दिवसाला १०० मायक्रोग्रॅमच्या आत ठेवावं लागतं. ते काढून टाकण्याचा खर्च वेगळा. पण एक धातू काढून दुसरा बसवला, इतकं हे सोपं नसतं. पॅलेडियम शून्य आणि +२ यांच्यामध्ये दोन-दोन इलेक्ट्रॉनांची देवघेव शांतपणे करतं. लोखंडाचा ओढा एकेका इलेक्ट्रॉनाकडे. त्यातून मुक्तमूलक तयार होतात आणि हवी ती जोडणी होण्याऐवजी बोरॉनिक आम्ल स्वतःशीच जुळून बायफिनाइल देतं. शिवाय पाणी आणि अल्कली असलेल्या मिश्रणात लोखंडाला ऑक्सिजन इतका घट्ट धरतो की बोरॉनवरचा फिनाइल गट त्याच्यापर्यंत पोचतच नाही. तळाशी तपकिरी हायड्रॉक्साइडचा गाळ बसतो.

म्हणून पीएनपी (फॉस्फरस-नायट्रोजन-फॉस्फरस) पिन्सर. मध्ये पिरिडिन, दोन्ही बाजूंना CH₂ च्या हातांवर डायआयसोप्रोपिल फॉस्फिन, असा तीन ठिकाणी धातू पकडणारा चिमटा. आयसोप्रोपिल विचारपूर्वक निवडला होता: टर्शरी ब्यूटिलने धातूभोवती इतकी गर्दी होते की बोरोनेटला वाट उरत नाही, आणि फिनाइल इलेक्ट्रॉन पुरेसे देत नाही. लिगंड करायला २,६-बिस(क्लोरोमिथिल)पिरिडिन आणि डायआयसोप्रोपिल फॉस्फिन मिथेनॉलमध्ये ५० अंशांवर ४८ तास, आर्गॉनखाली. मग ट्रायइथिलअमाइनने आम्ल काढून घ्यायचं. हे फॉस्फिन हवेत टिकत नाही, म्हणून दर वापराआधी फॉस्फरस एनएमआर काढून ऑक्साइडचा पीक बघणं आलंच. निर्जल फेरस क्लोराइडबरोबर टीएचएफमध्ये रात्रभर ढवळलं की पिवळी भुकटी मिळते. इव्हान्स पद्धतीने चुंबकी आघूर्ण मोजलं तर ४.९० च्या थोडं वर, म्हणजे चार एकटे इलेक्ट्रॉन, हाय-स्पिन. जोरकस लिगंड एरवी इलेक्ट्रॉनांच्या जोड्या लावतो; तो असूनही संकुल हाय-स्पिन राहिलं, हा पहिला इशारा होता. क्लोराइड निघून गेल्यावर स्पिन खाली येईल, असं आम्ही धरलं आणि पुढे गेलो.

दुसरा इशारा आमच्या प्रयोगांच्या तक्त्यातच होता. उत्प्रेरक ५ मोल टक्क्यांवरून २ वर आणला, १ वर आणला, उतारा जवळपास तोच. याचा अर्थ आम्ही ‘अतिशय सक्रिय उत्प्रेरक’ असा लावला. मात्रा पाचपटीने कमी करूनही काहीच हलत नसेल, तर काम दुसरंच कोणी करत असण्याची शक्यता आधी तपासायला हवी. कोरा प्रयोग, म्हणजे एखादा घटक वगळून केलेली पडताळणी, केलाच नव्हता असं नाही. फेरस क्लोराइड, लिगंड नाही: उतारा शून्य. दोन्ही नाही: शून्य. फक्त लिगंड घेऊन मात्र कुणीच केला नव्हता, कारण धातूशिवाय फॉस्फिन जोडणी करत नाही हे सगळ्यांना ‘माहीत’ होतं. शोधनिबंधांच्या पुरवणीत कोऱ्या प्रयोगाची एक ओळ टाकून मोकळं व्हायची पद्धत पडली आहे, आणि परीक्षकही तेवढ्यावर समाधानी असतात. हे चूक आहे. धातू, लिगंड, अल्कली, हॅलाइड यांतला एकेक काढून प्रत्येक वेळी ट्यूब लावली पाहिजे.

लोखंड नसताना जोडणी झाली, म्हणजे काम नकळत शिरलेलं पॅलेडियम करत असणार. ते आलं कुठून? फेरस क्लोराइड बाद, ते त्या ट्यूबमध्ये नव्हतंच. बोरॉनिक आम्लावर संशय रास्त होता, कारण मियौरा बोरिलेशनने केलेल्या आम्लात पॅलेडियम उरू शकतं. पण आमचं ग्रिन्यार्ड आणि ट्रायमिथाइल बोरेटपासून केलेलं. अल्कलीही तपासावी लागली. २००३ मध्ये ‘धातूविना सुझुकी’ म्हणून गाजलेल्या कामात खरं काम सोडियम कार्बोनेटमधलं ५० पीपीबी (अब्जात ५० भाग) पॅलेडियम करत होतं, हे २००५ मध्ये त्याच गटाने दाखवलं. २०२१ मधला अमाइन-उत्प्रेरित सुझुकीचा निबंध तर त्याच वर्षी मागे घेतला गेला. तिथे अमाइन बनवतानाचं पॅलेडियम मागे राहिलं होतं.

आमचं पॅलेडियम मॅग्नेटिक बीडवर, म्हणजे मिश्रण ढवळणाऱ्या टेफ्लॉनच्या आवरणातल्या चुंबकावर, होतं. त्याच फ्यूम हूडमध्ये वर्षानुवर्षं पॅलेडियमच्या जोडण्या झालेल्या. टेफ्लॉनवर बारीक ओरखडे पडतात, त्यांत धातूचे कण अडकतात, आणि अ‍ॅसिटोन-पाण्याने धुऊन ते निघत नाहीत. २०१९ मध्ये मॉस्कोच्या एका गटाने हेच सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं आहे. हिशेब करून बघा: १ मिलिमोल हॅलाइडवर ०.००१ मोल टक्का पॅलेडियम म्हणजे जेमतेम १ मायक्रोग्रॅम. बीड पांढरी शुभ्र दिसत असली तरी एवढं तिच्यावर सहज असू शकतं. आणि ४-ब्रोमोअ‍ॅसिटोफेनोन इतकं सोपं हॅलाइड आहे की तेवढ्यावर भागतं. लिगंडशिवाय कोरा प्रयोग शून्य का आला, तेही यातच आलं: ओरखड्यातून पॅलेडियम उचलून द्रावणात धरून ठेवायला इलेक्ट्रॉन देणारं फॉस्फिन लागतं.

खात्री करण्याचा क्रम असा. नव्या पाकिटातली बीड, नवी ट्यूब, फक्त लिगंड: शून्य. तीच जुनी बीड ताज्या आम्लराजात (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांचं मिश्रण) रात्रभर ठेवून: ९ टक्के, म्हणजे आम्लराजानेही ती पूर्ण स्वच्छ झाली नाही. (बीडवर अ‍ॅसिटोनचा थेंबही नको, आम्लराजाशी त्याची गाठ धोक्याची. बाटलीचं झाकणही कधी घट्ट लावू नये.) पाऱ्याची चाचणी (पारा घालून धातूचे कण निष्क्रिय करून बघणं) टाळली, कारण पारा पॅलेडियमच्या विरघळलेल्या संकुलांशीही अभिक्रिया करतो आणि निष्कर्ष संदिग्ध राहतो. आयसीपी-एमएसला (धातूंचे अंश वस्तुमानावरून मोजणारी चाचणी) नमुना पाठवताना तांबं मोजायलाही सांगितलं. आर्गॉन आणि तांबं-६५ मिळून वस्तुमान १०५ वर पॅलेडियमचं सोंग घेतात. अहवालासाठी तीन आठवडे थांबलो. नव्या बीडचं पाकीट त्या एका चाचणीच्या शुल्काहून स्वस्त आहे, तरी खरेदी विभागाला ती ‘पुन्हा वापरता येणारी वस्तू’ वाटते आणि मागणी परत येते. याचा मला अजून राग आहे.

संपूर्ण तक्ता, २६ ओळी, नव्या बीड आणि नव्या ट्यूबमध्ये पुन्हा केला. लोखंडाच्या सुझुकीच्या २५ ओळी कोसळल्या. पिन्सर लिगंड मात्र वाया गेलेला नाही: मुद्दाम १० पीपीएम पॅलेडियम घातल्यावर त्याच लिगंडने ९५ टक्के दिले. आयसोप्रोपिलच्या निवडीमागचा विचार बरोबर होता, फक्त तो भलत्या धातूला लागू पडला.

उरलेली ओळ ४-क्लोरोबेन्झोनायट्राइलची. नवी बीड, नवी काच, ९९.९९ टक्के शुद्धतेचं फेरस क्लोराइड वापरून केलेलं संकुल, आणि उतारा ११ टक्के, तीनदा. त्याच नव्या सामानात लोखंड वगळलं की शून्य. ब्रोमाइड जिथे कोसळतात तिथे त्यांच्याहून कठीण क्लोराइड का चालावं, हे मला लावता येत नाही. सोमवारी निकेल आणि तांब्यासाठी नमुना जाईल. चौथी ट्यूब बीडशिवाय, नुसती हलवून करायची आहे.