दोन अंकी साल: शतक आणायचं कुठून?

घरच्या ट्रंकेतले कागद तारखेने लावणाऱ्या प्रोग्रॅमची ही पुढची खबर. मोडी मी अजून डोळ्यांनीच वाचतो. कागदांवर साल मात्र बऱ्याचदा दोनच अंकी असतं, मग शतक कोणतं? ते कोडं बरंचसं सुटलंय.

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतलं तारीख वाचणारं फंक्शन, स्ट्रपीटाइम, दोन अंकी सालाला ठरलेला नियम लावतो: ६९ ते ९९ म्हणजे १९६९ ते १९९९, आणि ०० ते ६८ म्हणजे २००० ते २०६८. नाशिकचा सिंहस्थ (कुंभमेळा) नेमका १९६८चा! त्यामुळे तिथली ‘१४-९-६८’ची पावती थेट २०६८मध्ये जाऊन बसते आणि पुढच्या वर्षीचं किराण्याचं बिल बिनचूक १९६९ला. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये हीच रेघ ६९ आणि ७०च्या मध्ये आहे. जावा भाषेतला तारखा वाचणारा जुना सिंपलडेटफॉरमॅट तर आजपासून ८० वर्षं मागे आणि २० पुढे बघतो, म्हणजे रेघच दरवर्षी सरकते. तोच कागद, तोच कोड, आणि काही वर्षांनी उत्तर वेगळं! मी सरळ ठरवलं: कागद हातात आहे, म्हणजे तारीख मागचीच. उत्तर भविष्यातलं आलं की शंभर वजा.

खरी गंमत शक्याची. ‘शके ४२, आषाढ वद्य ५’ म्हणजे १७४२, १८४२ की १९४२? इथे संवत्सर, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातलं त्या वर्षाचं नाव, कामी येतं. शक्यात १२ मिळवून ६०ने भागा, बाकी म्हणजे संवत्सराचा क्रमांक (शून्य उरलं तर क्षय). १७४२ला बाकी १४, विक्रम. १८४२ला ५४, रौद्र. १९४२ला ३४, शार्वरी. कागदावर ‘रौद्रनाम संवत्सरे’ दिसलं की १८४२, म्हणजे इसवी १९२०, पक्कं. शंभर वर्षांनी क्रमांक ४०ने पुढे जातो, म्हणून दोन अंकी शक आणि संवत्सर यांची तीच जोडी पुन्हा यायला ३०० वर्षं लागतात. आपल्या कागदांना तेवढं पुष्कळ झालं. आजोबांच्या पिढीला हे पाठ असणार, आपल्याला मॉड्युलो (बाकी काढणारी क्रिया) लागतो.

आकड्यांचं एक सांगतो. पायथनमध्ये मजकुराचा आकडा करणारं इंट देवनागरी ‘६८’ विनातक्रार वाचतं, पण माझ्याकडच्या आवृत्तीत स्ट्रपीटाइम देवनागरी दिवस-महिन्याला अडतो. आधी आकडे इंग्रजी करून घ्या.

राहिला पौष. शकाचं इसवी साल काढायला चैत्र ते मार्गशीर्ष बहुतेक ७८ मिळवून काम होतं, माघ-फाल्गुनाला ७९. पौष मात्र कधी डिसेंबरात, कधी जानेवारीत. तिथे सूत्र चालत नाही, त्या त्या वर्षाचं पंचांगच काढावं लागतंय. सध्या असे कागद वेगळ्या फोल्डरमध्ये टाकलेत.