एक दिनार म्हणजे नेमके किती रुपये?

परवा गोव्यात आमच्या फोंड्याच्या बाजारात शेजारचे काका भेटले. त्यांचा मुलगा पुढच्या महिन्यात कुवेतला निघालाय, पगार 150 दिनार ठरलाय, आणि काका मासळीवाल्यांच्या गर्दीत उभ्या उभ्या मोबाईलवर गुणाकार करत होते, एका दिनारचे दोनशे ऐंशी रुपये धरून दीडशे गुणिले दोनशे ऐंशी, बेचाळीस हजार! "बराच झाला की रे," म्हणाले. मी हो म्हटलं खरं पण घरी आल्यावर काही चैन पडेना, कारण मी तिथं आठ वर्षं काढलीत आणि पहिलं वर्षभर मीही असाच प्रत्येक गोष्टीचा गुणाकार करत जगलोय.

कुवेतच्या सालमिया भागात आम्ही एका खोलीत चौघं होतो, माझ्या एका बेडचे महिन्याला 45 दिनार जायचे. खालच्या बकाल्यात म्हणजे किराणा दुकानात चहा 150 फिल्सला. एका दिनारचे फिल्स शंभर नाही तर हजार असतात, नवीन माणसाचा इथंच आठवडाभर गोंधळ होतो. तर 150 फिल्स म्हणजे 42 रुपये झाले, तेवढ्यात फोंड्यात दोघांचा चहा होतो. पापलेट, तिथं त्याला झुबेदी म्हणतात आणि कुवेती लोकांचा त्यावर भारी जीव, ते चांगलं मोठं घ्यायचं तर किलोला दहा दिनारच्या वर. मी दोनदाच घेतलं, दोन्ही वेळा चतुर्थीला घरी जायला मिळालं नाही म्हणून, सणानंतर.

पण उलटंही आहे. खुबूसचं, म्हणजे तिथल्या चपट्या रोटीचं, पाकीट 50 फिल्सला, म्हणजे 14 रुपये! थंडीत सकाळी ड्युटीवर जाताना ते गरम पाकीट जॅकेटच्या आत छातीशी धरायचं, ऊब यायची, आणि बसमध्ये नुसतंच तोडून खायचं. आपल्या पोदेराकडे, म्हणजे पाववाल्याकडे, 14 रुपयांत तीन पावसुद्धा येत नाहीत. पेट्रोल साधं 85 फिल्स लिटर, 24 रुपये. भाकरी आणि पेट्रोल सरकारने धरून ठेवलंय म्हणून स्वस्त, आणि डोक्यावरचं छप्पर ज्याचं त्याने बघायचं. मग एक दिनार म्हणजे किती रुपये? खुबूस घेताना वेगळा, भाडं देताना वेगळा, आणि घरी पाठवताना एक्स्चेंजवाल्याच्या काचेवर लावलेला असतो तो तिसराच.

त्या तिसऱ्या रेटवर आईचं बारीक लक्ष असायचं. रेट वाढला की फोनवर खूश. 2010 च्या सुमाराला दिनार 160 च्या आसपास होता, आता 280 च्या वर गेलाय, सगळे म्हणतात दिनार चढला. पण डॉलरच्या हिशोबात दिनार तेव्हापेक्षा थोडा खालीच आहे, डॉलर 45-46 रुपयांचा 85 च्या पुढं गेला, म्हणजे घसरला तो आपला रुपया. आणि रुपया घसरला की बाहेरून येणारं खनिज तेल महाग, खायचं तेल महाग, जास्तीचे आलेले पैसे तिकडंच जातात. हे आईला समजावून सांगायला मला फार वाईट वाटायचं.

अजून एक गोष्ट मला तिथल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराकडून कळली. 1961 पर्यंत कुवेतमध्ये आपलाच रुपया चालायचा, 1959 पासून तर आपली रिझर्व्ह बँक आखातासाठी वेगळ्या नोटा छापायची. एप्रिल 1961 ला दिनार आला तेव्हा एका दिनारचे 13 रुपये 33 पैसे धरले होते. त्याच वर्षी डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि आपल्याकडचे पोर्तुगीजांचे एस्कुदो जाऊन रुपया आला. ते सोडत होते तेव्हा आपण हातात घेत होतो!

उद्या काकांकडे जाणार आहे. मुलाला विचारायला सांगणार, खोली कंपनीची आहे का, जेवण कुणाचं, वर्षा-दोन वर्षांनी तिकीट देतात का. हे सगळं मिळत असेल तर जरूर जाऊ दे. नसेल तर खोलीचे 45, जेवणाचे 35, फोन आणि बसचे 10 वजा केले की 60 दिनार उरतात, 16,800 रुपये. इथं फोंड्याजवळ कुंडईच्या फॅक्टरीत त्याला आज अठरा हजार मिळतात आणि रात्री तो घरी जेवायला असतो.