एकोणतीस फेब्रुवारीचं पान

डिसेंबर २०२३. साखर पेठेतल्या आमच्या छापखान्यात एका पतसंस्थेच्या दीड हजार डायऱ्यांचं काम चालू होतं. दिवसाला एक पान, एकूण ३८४ पानं, म्हणजे सोळा पानी २४ फॉर्म (एका मोठ्या कागदावर पाठपोट छापून घडी घातली की एक फॉर्म). गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या आधी द्यायच्या होत्या, म्हणून रात्री जागून छपाई उरकली. शिलाई तेवढी राहिली होती.

फॉर्म जुळवताना मावशी मध्येच थांबल्या. "ओ मालक, एकोणतीसचं पान कुठं गेलं वो?"

"कुठलं एकोणतीस?"

"फेब्रुवारीचं. माझा धाकटा एकोणतीसचा हाय, म्हणून बघितलं."

२०२४ लीप वर्ष! डीटीपीवाल्या पोरानं आदल्या वर्षाची फाईल उचलून वार तेवढे बदलले होते. प्रूफवर सही माझी, त्यामुळं त्याला बोलायचीही सोय नव्हती. एक पान वेगळं छापून चिकटवावं म्हटलं, तर १ मार्चला गुरुवार छापलेला, हवा होता शुक्रवार. तिथून डिसेंबरअखेर ३०६ दिवसांचे वार चुकलेले. पहिले चार फॉर्म वाचले, उरलेले वीस रद्दीत.

पोरगं कोपऱ्यात उभं होतं. रिमच्या वेष्टनावर बोट ठेवून म्हणालं, "काका, 'वुडफ्री' लिहिलंय. झाडं तरी वाचली."

त्या अवस्थेतही मला हसू आलं. आमच्या धंद्यातला हा सगळ्यात फसवा शब्द. वुडफ्री कागदही लाकडाचाच असतो. रसायनात शिजवून लाकडातलं लिग्निन, म्हणजे धागे धरून ठेवणारा चिकट भाग, काढून टाकतात, म्हणून तो वर्तमानपत्रासारखा लवकर पिवळा पडत नाही, एवढाच अर्थ. उलट त्या शिजवण्यात निम्मं लाकूड धाग्यातून निघून जातं. वर्तमानपत्राच्या कागदाला लाकूड नुसतं भरडतात, तिथं नासाडी कमी.

मग त्याच रिमच्या पाठीवर हिशेब मांडला. ७० जीएसएमचा (चौरस मीटरला ७० ग्रॅम) डायरीच्या मापाचा एक कागद दोन ग्रॅमच्या किंचित वर, एका डायरीचे १६० कागद (वीस फॉर्मची पाठपोट ३२० पानं), गुणिले दीड हजार. सव्वापाचशे किलो. रद्दी न मिसळलेल्या लिहिण्या-छापण्याच्या कागदाला अमेरिकी टनामागं (९०७ किलो) २४ झाडं, हा अमेरिकेतला बराच वापरला जाणारा अंदाज. झाड धरलंय चाळीस फूट उंच, सहा-आठ इंच जाड. म्हणजे चौदाएक झाडं. आपल्याकडं शेतकरी सुबाभूळ, निलगिरी चार-पाच वर्षांत तोडून मिलला देतात. ती खोडं बारीक, मग आकडा आणखी वाढणार. आणि कागद उसाच्या चिपाडाचा असता, तर झाडं शून्य. सोलापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांना तोटा नाही, पण चिपाड बहुतेक बॉयलरमध्येच जातं.

तिसऱ्या दिवशी रद्दीवाला टेम्पो घेऊन आला. छापील माल म्हणून भाव पाडला. कोऱ्या कात्रणाला बरा देतो. "ह्याचे खोके होतील," म्हणाला. शाई धुऊन लगदा केला तरी दर फेरीला धागा आखूड होतो, पाच-सात फेऱ्यांनंतर तो कागद धरतच नाही.

निघताना त्यानं एक संच मागितला. "वार चुकला तर चुकला मालक, मला हिशेबच लिहायचाय."

मावशींनी तिथल्या तिथं शिवून दिला. त्यानं मार्चचं पहिलं पान उघडलं, छापलेल्या गुरुवारावर काट मारली आणि खाली लिहिलं: ५२७ किलो.