खाडीतली बोटीची मोटर बडोद्यात उघडली त्याची गोष्ट

माझा मेव्हणा हर्णैला असतो, त्याच्याकडे रबरी बोटीला लावायची १२ व्होल्टची इलेक्ट्रिक मोटर आहे, आंजर्ल्याच्या खाडीत गळ टाकायला जातो तेव्हा वापरतो. ती बंद पडली तर हा पठ्ठ्या उन्हाळ्यात ती गोणपाटात गुंडाळून थेट बडोद्याला घेऊन आला, म्हणे तुमच्या मकरपुऱ्यात काहीही रिपेअर होतं. होतं खरं, पण रिवाइंडिंगवाल्याने नुसती बघितली आणि म्हणाला पंप आणा, हे नको. मग गच्चीवर मीच पाने घेऊन बसलो.

पंखा काढला तर मागे शाफ्टवर तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, गच्च गुंडाळलेलं. त्यानेच ऑइल सीलची, म्हणजे शाफ्टभोवती पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याची, कड कापली होती. खरं सांगू का, या मोटरी लाटांनी वगैरे खराब होत नाहीत. चालून गरम होते, बंद केली की पाण्यात झटकन गार होते, आतली हवा आकसते आणि सील जिथे कमजोर असेल तिथून पाणी आत ओढलं जातं. म्हणून वरवर ठणठणीत दिसते आणि आत कार्बनच्या भुकटीचा काळा चिखल, कॉम्युटेटर, म्हणजे कार्बनचे ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याचा भाग, हिरवा पडलेला.

धुवायची हिंमत लोकांना होत नाही, पण खारं पाणी शिरलंय ना, मग आधी साध्या गोड्या पाण्यानेच धुवायला लागतं कारण मीठ अल्कोहोलमध्ये धड विरघळत नाही, आणि आत राहिलेलं मीठ हवेतला ओलावा खेचत बसतं. नंतर आयसोप्रोपाइल अल्कोहोल, मग ऊन. बडोद्याचं मे महिन्यातलं ऊन एरवी शिव्या खातं, इथे फार कामाला आलं. ट्रान्सफॉर्मरच्या कंपनीत असलेल्या मित्राचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, आणून २५० व्होल्टवर बघितलं, आधी काटा शून्याला चिकटलेला, वाळल्यावर १ मेगओहमच्या चांगला वर. कॉम्युटेटर बारीक सँडपेपरने घासला, एमरी पेपर मुद्दाम टाळला, त्याचे कण वीज वाहतात आणि फटीत अडकून बसतात.

सीलवर आत बाहेरचा व्यास आणि जाडी मिलिमीटरमध्ये छापलेली असते, तेवढं घेऊन बेअरिंगच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "काका, आ तो पंपनुं सील छे." असू दे म्हटलं, माप तेच, रबर नायट्राइल, बास. बसवताना स्प्रिंगची बाजू पाण्याकडे ठेवायची आणि ग्रीस लावायचं. वायर जिथून आत जाते तिथे सिलिकॉन भरलं पण व्हिनेगरसारखा वास येतो ते नाही, त्यातलं अ‍ॅसिड तांबं खातं, न्यूट्रल क्युअर असं लिहिलेलं मागायचं. वायरचा जोड आतून गोंद असलेल्या हीट श्रिंकमध्ये, म्हणजे गरम केल्यावर आवळणाऱ्या नळीत, घेतला. मग बादलीत बुडवून वरच्या नळीतून सायकलच्या पंपाने अगदी हलकी हवा दिली, जोरात दिली तर नवं सीलच बाहेर येईल. बुडबुडे नाहीत.

आता अ‍ॅनोड. अ‍ॅल्युमिनियमची बॉडी, स्टीलचे बोल्ट आणि मधे खारं पाणी म्हणजे बॅटरीच झाली ना ती, त्यात बॉडी झिजू नये म्हणून जस्ताचा तुकडा लावतात आणि तो आधी झिजतो. मेव्हण्याचा तुकडा अगदी नवा कोरा! खूष होता तो, पण नवा राहिला कारण मोटरसोबत त्याने त्यालाही रंग मारला होता. रंगाखाली तो काहीच काम करत नाही. नवीन लावला, बोल्टच्या आट्यांना ते जाम होऊ नयेत म्हणून अँटी सीझ पेस्ट लावली, आणि बजावलं की गोड्या पाण्यात, तळ्यात वगैरे नेलीस तर जस्त चालत नाही, तिथे मॅग्नेशियम लागतं, पण तेच खाऱ्यात भराभर संपून जातं.

बोट काठाला लागली की पंखा काढून तंगूस बघायचं आणि वर गोड्या पाण्याची बादली ओतायची, एवढं लिहून दिलंय. करतो की नाही ते पावसाळा संपल्यावरच कळेल, जून जुलैत त्याची बोट तशीही बाहेर नसते.