तुम्ही विचारलंत म्हणून: पाइनची एक फळी सरळ, दुसरी वाकडी का?

बेळगावच्या उद्यमबागेत ओतकामाच्या कारखान्यांसाठी लाकडी पॅटर्न करून देणे हा माझा व्यवसाय आहे. वाळूच्या साच्यात जी पोकळी उठवायची, तिचे लाकडी रूप म्हणजे पॅटर्न, आणि ते किंचित जरी वाकले तरी पुढचे सगळे ओतकाम बिघडते. त्यामुळे हाताखाली शिकायला आलेली मुले, पॅकिंगच्या पेट्या करणारे शेजारी आणि खानापूरकडचे सागवान लावलेले शेतकरी मला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारतात: "काका, एकाच गठ्ठ्यातल्या पाइनच्या दोन फळ्या, एक वर्षानुवर्षे सरळ राहते आणि दुसरी पहिल्याच पावसाळ्यात वाकते, असे का?" सुकवणी नीट झाली नसेल, असे मी बरीच वर्षे सांगत असे, आणि पुष्कळदा ते खरेही असते. परंतु सारख्याच सुकवलेल्या फळ्यांतही हा फरक उरतो. त्याचे एक मोठे कारण, ते झाड उभे असताना त्याच्या शेजारची झाडे केव्हा काढली गेली, यात दडलेले असते.

शाळू दाट उगवला की आपण विरळणी करतो. लागवडीच्या पाइनवनातही तेच करतात, फक्त तिथे चुकीचे परिणाम दिसायला वीस वर्षे लागतात. झाडे सुरुवातीला दाट लावतात, म्हणजे ती सरळ चढतात आणि खालच्या फांद्या सावलीत मरतात. पुढे शेंडे एकमेकांना भिडले की ऊन आणि पाणी कोणालाच पुरेसे मिळत नाही. तेव्हा वाकडी, दुबेळकी आणि खुरटलेली झाडे काढून उरलेल्यांना मोकळे करतात. याने झाडाची उंची फारशी बदलत नाही, कारण ती मुख्यतः जमिनीवर आणि हवापाण्यावर ठरते. बदलतो तो घेर. एकरी तयार होणारे एकूण लाकूडही विरळणीने वाढत नाही, ते थोड्या पण जाड खोडांवर जमा होते, एवढेच. जाड ओंडका कापताना वाया कमी जातो, म्हणून हा सारा खटाटोप.

हे लिहिताना माझ्यासमोर न्यूझीलंडच्या पाइनचा एक तुकडा आहे. तिकडे हे झाड साधारण 25 ते 30 वर्षांत तोडणीला येते आणि त्याचे ओंडके कांडला बंदरात उतरतात. तुकड्याच्या टोकाला गाभ्यापाशी सात-आठ वलये पेन्सिलीच्या जाडीची आहेत. मग ती आक्रसत जातात, इतकी की पेन्सिलीच्या जाडीत तीन वलये बसावीत. आणि मग एका ठिकाणी ती पुन्हा रुंदावतात. चांगल्या पावसाच्या वर्षीही वलय रुंदावते, पण ते एखाददुसरेच. इथे मात्र ओळीने सहा वलये रुंद आहेत, आणि ही खूण विरळणीची असते. शेजारी गेल्याबरोबर झाड जाड होत नाही. आधी त्याचा पर्णसंभार मोकळ्या जागेत पसरावा लागतो, त्यात एक-दोन वर्षे जातात आणि मग खोडाला त्याचा लाभ मिळतो.

आता वाकण्याविषयी. पाइन, देवदार यांसारख्या सूचिपर्णी झाडांत गाभ्याभोवतीच्या पहिल्या दहा ते वीस वलयांचे लाकूड कोवळे असते. पेशींच्या भिंतीतले सूक्ष्म तंतू पक्व लाकडात जवळजवळ उभे असतात, कोवळ्या लाकडात ते तिरपे असतात, म्हणून ते सुकताना लांबीतही आखडते. पक्व लाकूड ओल्याचे पूर्ण कोरडे होईपर्यंत लांबीत 0.1 ते 0.2 टक्के आखडते. कोवळे लाकूड 2 टक्क्यांपर्यंतही आखडू शकते. म्हणजे मीटरभर फळीत एका कडेला दोन मिलिमीटर आणि दुसऱ्या कडेला त्याच्या कितीतरी पट, अशी ओढ लागली तर ती फळी धनुष्यासारखी वाकणारच. झाडे फार अंतरावर लावली किंवा फार लवकर सपाट्याने विरळणी केली, तर खोड नेमके याच कोवळ्या वर्षांत फुगते. ओंडका जाड दिसतो, घेणाराही खूश होतो, पण त्यातला मोठा भाग कोवळाच असतो. मी एकदा असा माल स्वस्त मिळाला म्हणून घेतला, मे महिन्यात त्यातून पंपाच्या बॉडीचा पॅटर्न जोडला, आणि जुलैमध्ये तो सपाट टेबलावर ठेवला तर एक कोपरा उचललेला होता.

मग विरळणी उशिरा करावी का? तर तसेही नाही. दाटीत खालच्या फांद्या मरतात खऱ्या, परंतु त्या वर्षानुवर्षे खोडाला चिकटून राहतात, खोड त्यांना वेढत वाढते आणि फळीत काळ्या कडेची सुटी गाठ येते, जी रंधा मारताना निखळून पडते. विरळीत फांद्या जिवंत राहून जाड होतात, म्हणून गाठ घट्ट पण मोठी येते. न्यूझीलंडमध्ये यावर उपाय म्हणून झाड लहान असतानाच खालच्या साधारण सहा मीटरांतल्या फांद्या टप्प्याटप्प्याने छाटतात आणि त्याच काळात विरळणी करतात, म्हणजे छाटलेल्या जागेवर बिनगाठीचे लाकूड भराभर चढते. पॅटर्नसाठी मी तेच लाकूड शोधतो. शिवाय दाटीत काठीसारखी उंच झालेली झाडे उशिरा मोकळी केली तर वाऱ्याने कलतात, आणि कललेले सूचिपर्णी झाड कलाच्या खालच्या बाजूला तांबूस, कठीण लाकूड तयार करते, जे कोवळ्या लाकडासारखेच लांबीत आखडते.

बारीक रेघांचे लाकूड मजबूत, हा आपल्या सुतारांचा नियम स्प्रूससारख्या झाडाला बराचसा लागू पडतो, कारण तिथे वलय रुंदावते ते मऊ, फिकट भागाने. अनेक पाइनमध्ये मात्र विरळणीनंतर जमिनीत ओल जास्त दिवस टिकून वलयाचा गडद, घट्ट भागही वाढू शकतो. तेव्हा वलयाची रुंदी मोजण्यापेक्षा त्यात गडद पट्टा किती आहे, ते पाहावे.

काही जण हाच न्याय आपल्या घाटातल्या जंगलाला लावू पाहतात; ते मला मुळीच मान्य नाही. भीमगडचे रान कोणी ओळीने लावलेले नाही, आणि तिथे फळ्यांचा हिशेब करायचाही नाही.

सागवानाचे मात्र वेगळे आहे. त्याच्या वलयातला मोठ्या छिद्रांचा पट्टा साधारण तेवढाच राहतो आणि वाढ घट्ट भागात होते, म्हणून लवकर वाढलेला साग हलकाच असतो असे सरसकट म्हणता येत नाही. दोन-दोन मीटरांवर, म्हणजे हेक्टरी 2500 रोपे लावली, तर चांगल्या जमिनीत पाचव्या वर्षाच्या आसपास पहिली आणि दहाव्याच्या आसपास दुसरी विरळणी करायची पद्धत आहे. पण हाताने वाढवलेले झाड अर्धवट वयात तोडायला शेतकऱ्याचा हात उठत नाही, आणि त्यात वाईट वाटणे मी समजू शकतो. गेल्या उन्हाळ्यात नंदगडकडचे एक गृहस्थ पंधरा वर्षांच्या सागाची चकती घेऊन आले होते. मी तिच्यावर रंधा फिरवून पाणी लावले. सहाव्या वलयापर्यंत रेघा बोटभर अंतरावर होत्या आणि पुढे त्या इतक्या जवळ आल्या, की मोजायला सुईचे टोक घ्यावे लागले. पुढच्या वर्षी विरळणी केली तर चालेल का, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, "परवानगीचा अर्ज आजच करा, आणि आधी वाकडी आणि दुबेळकी काढा."